आईला रक्त मिळालं

सकाळपासून संभाजीनगरला दवाखान्यातच होतो. आईचं ऑपरेशन उद्या, ग्रुप ओ निगेटिव्ह, आणि ओ निगेटिव्हवाल्याला दुसऱ्या कुठल्याच ग्रुपचं रक्त चालत नाही, त्यामुळं पाहुणे, चर्चमधली पोरं, सगळ्यांना फोन लावून झाले, जालन्याहून दोघं यायला तयार पण ग्रुप वेगळा. दुपारी जिन्यात बसून प्रार्थना केली. खरं सांगतो, शब्दच सुचंनात, नुसतं "बापा, बघ की आता" एवढंच म्हणलं. बायबलात लूकच्या 11 व्या अध्यायात तो माणूस मध्यरात्री मित्राचं दार वाजवून 3 भाकरी मागतो ना, लाज सोडून, तसं.

शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीचा मुलगा, अंबड तालुक्यातला शेतकरी, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, पाण्याची बाटली भरायला चालला होता. त्यानं माझं फोनवरचं बोलणं ऐकलं म्हणे. "दादा, माझं ओ निगेटिव्हच हाय, चला." बस, इतकंच. रक्त देऊन आला, हाताला कापूस दाबून धरलेला, चहा पाजतो म्हणलं तर आधी आईपाशी गेला, "माय, आता काळजी नको करू."

आईनं त्याचा हात धरून त्याच्यासाठी, त्याच्या आईसाठी प्रार्थना केली. तो टोपी काढून उभा राहिला, शेवटी आमेनबी म्हणला. मला तर रडूच आवरंना. येशूचे उपकार मानताना आता ह्या माऊलीचं नाव येणारच.

उद्या 9 वाजता ऑपरेशन आहे, प्रार्थनेत आईला आठवा, आणि त्या म्हातारीलाबी.