शिंकेलचं चर्च: कागदावर दोन, जागेवर एक

बर्लिनला गेल्यावर सगळे म्युझियम आयलंडकडे पळतात, मी आधी फ्रीड्रिशवेर्डर चर्चमध्ये घुसलो. हाउसफोग्टाइप्लाट्झ स्टेशनवरून चालत जाता येतं, तिकीट नाही, आणि मी गेलो तेव्हा आत जेमतेम चार टाळकी.

जर्मन आर्किटेक्ट कार्ल फ्रीड्रिश शिंकेलचं हे काम, १८२४ ते १८३१ मधलं. यायच्या आधी त्याच्या डिझाइन्सच्या छापील संग्रहातल्या प्लेट्स, म्हणजे छापलेली रेखाचित्रं, नेटवर बघून ठेवल्या होत्या आणि खरी मजा तिथेच आहे, कारण या एकाच जागेसाठी पठ्ठ्याने रोमन देवळाच्या धाटणीचं चर्चही काढलंय आणि गॉथिकही, आणि नंतर दोन्ही छापलीयत! प्रशियाच्या युवराजाला मध्ययुगीन वळणाचं हवं होतं, म्हणून गॉथिक बांधलं. मला विचाराल तर कागदावर रोमनवालं जास्त आवडलं, पण क्लायंट युवराज असल्यावर आर्किटेक्ट काय बोलणार.

आतल्या भागाचं चित्र काढण्यात हा माणूस तयारीचा, नाटकाचे पडदेही रंगवायचा, १८१६ला मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’चे सेट यानेच केले होते. गॉथिकच्या प्लेटमध्ये मधला लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना आत घेतलेले जाड खांब, खांबांच्या मधून जाणारी गॅलरी, सगळं नजरेला ओढत समोरच्या टोकाला नेतं. प्रत्यक्षात उभं राहिलो तर जागा अगदी तशीच, रेषेला रेष जुळते म्हणा ना.

पण प्लेट म्हणजे नुसत्या बारीक रेषा, रंग नाही की पोत नाही, त्यामुळे एक गोष्ट तिथे कळतच नाही. वर मान करून बघितलं तर छताला लाल विटा दिसतात, त्या विटा नाहीतच, प्लॅस्टरवर रंगवल्यात! भिंतींवरचा दगडही तसाच, रंगवलेला. आणि बाहेरून मात्र अख्खी इमारत खऱ्याखुऱ्या उघड्या विटांची. पडदे रंगवणाऱ्याचा हात शेवटी इथेही चाललाच.

आता आत १९व्या शतकातली शिल्पं मांडलीयत, शिल्पकार शाडोच्या दोन राजकन्या तर चुकवूच नका. मध्ये शेजारी महागड्या फ्लॅट्सचं खोदकाम चालू असताना चर्चला तडे गेले म्हणून २०१२ला बंद केलं होतं, ते २०२०ला परत उघडलं. मी बराच वेळ मान वर करून तडे शोधत होतो, एकही सापडला नाही, दुरुस्तीवाल्यांनाही रंगकाम जमतंय म्हणायचं.