सुटला की तुटला

१० नोव्हेंबर २०२५

सकाळपासून एकच गाणं लावून बसलेय. गॉर्डन लाइटफूट या गायक-गीतकाराचं ‘द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेराल्ड’. एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज बुडाल्याला आज बरोबर पन्नास वर्षं झाली. पण मी ते ऐकतेय ते तारखेमुळे नाही, आत्यामुळे.

परवा आत्याला माझं गाणं ऐकवलं, आजोबांवरचं. आजोबा नावाडी होते. पुराच्या दिवशी नाव काठाला लावताना गेले. बाबा तेव्हा रांगत होते, त्यामुळे त्यांनी मला सांगितलेली गोष्ट त्यांनीही ऐकलेलीच. तिचंच मी कथागीत केलं, सात कडव्यांचं. रेकॉर्डिंग झालं, मिक्सिंग झालं, या महिन्याअखेर सिंगल म्हणून यायचंय.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. पाचव्या कडव्यात ‘हातामधला दोर सुटला’ आलं आणि तिनं डोळे उघडले. गाणं संपेपर्यंत काही बोलली नाही. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “सुटला नव्हता गं. तुटला.”

मी म्हटलं, “आत्या, ते गाण्यात आपलं...”

“अण्णांच्या हातून दोर सुटला असता होय? जुना होता, मध्येच तुटला. अर्धा त्यांच्या मुठीत होता.” तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि काठावर उभी होती.

मी ‘बदलते’ म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत मनात वाद चालला होता. एका अक्षरासाठी पुन्हा स्टुडिओ? ऐकणाऱ्याला काय कळणार आहे?

म्हणून आज लाइटफूट.

फिट्झजेराल्ड हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज. ९ नोव्हेंबर १९७५ ला दुपारी विस्कॉन्सिनमधल्या सुपिरियर बंदरातून सुमारे २६,००० टन लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघालं. दुसऱ्या दिवशी लेक सुपिरियरवर वादळानं गाठलं. मागून आर्थर अँडरसन नावाचं दुसरं जहाज येत होतं. त्याच्याशी रेडिओवर बोलताना कप्तान मॅकसोर्ली यांनी शेवटचं सांगितलं ते एवढंच, की आम्ही तग धरून आहोत. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांचा तो सुमार. त्यानंतर थोड्याच वेळात अँडरसनच्या रडारवर ते जहाज दिसेनासं झालं. संकटाचा संदेश आला नाही. माणसं २९, आणि एकही वाचलं नाही. जहाज ५३० फूट खाली, दोन तुकड्यांत पडलेलं आहे. ते सरोवर इतकं थंड, की बुडालेलं माणूस सहसा वर येत नाही. म्हणजे घरच्यांच्या हाती काहीच लागलं नाही.

कॅनडातल्या लाइटफूटनं ही बातमी ‘न्यूजवीक’मध्ये वाचली. तिथे जहाजाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, एडमंडमधल्या ‘यू’च्या जागी ‘ओ’ पडला होता. त्याला ते लागलं, गेलेल्यांचा हा अपमान आहे असं वाटलं आणि त्यातून गाणं आलं, असं सांगतात. मला यातलं सगळ्यात जवळचं हेच वाटतं. ज्यानं एका अक्षरासाठी पेन उचललं, त्याचं गाणं ऐकत मी एका अक्षरासाठी कुरकुरतेय.

गाण्याला ध्रुपद नाही. कडव्यामागून कडवं येत राहतं, चाल तीच, लाटेसारखी हेलकावणारी. पोवाड्यात शाहीर मोहिमेचा एकेक मुक्काम सांगत पुढे जातो, तसं इथे निघणं, वारा, संध्याकाळ, अंधार. ध्रुपद असतं तर दर कडव्यानंतर क्षणभर सुरक्षित जागी परतता आलं असतं. इथे परतीची वाटच नाही. टोरांटोतल्या ईस्टर्न साउंड स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. मी कधी सुरू करू, असं ड्रमर बॅरी कीननं विचारलं तेव्हा लाइटफूट म्हणाला, मी मान हलवीन. आणि पहिलाच टेक ठेवला गेला. आज मी हेडफोन लावून ती मान हलवल्याची जागा शोधत होते. आधी नुसती गिटार आणि आवाज असतो, आणि मग ढोल येतो तेव्हा पायाखालची फळी हलल्यासारखं होतं. तीनदा मागे नेऊन ऐकलं.

१९७६ च्या उन्हाळ्यात ते ‘समरटाइम ड्रीम’ अल्बममध्ये आलं, मग सिंगल म्हणून. जवळजवळ सहा मिनिटांचं, शोकाचं गाणं, आणि त्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर, कॅनडात पहिल्या.

पण गाणं लोकांपुढे आलं म्हणून त्याचं काम संपलं असं त्यानं मानलं नाही. गाण्यात डेट्रॉइटच्या मरिनर्स चर्चचा उल्लेख आहे, जिथे २९ माणसांसाठी २९ वेळा घंटा वाजवली गेली. त्या जागेला त्यानं कुबट म्हटलं होतं. त्या चर्चमधल्या कुणीतरी सांगितलं, आमचं चर्च कुबट नाही हो. पुढे तो कार्यक्रमांत तिथे दुसरा शब्द गाऊ लागला, साधंसुधं अशा अर्थाचा.

त्याहून मोठी गोष्ट हॅचची, म्हणजे डेकवरून माल भरायच्या झाकणबंद तोंडाची. मूळ गाण्यात सात वाजता मुख्य हॅच कोसळतं. १९७७ च्या कोस्ट गार्डच्या अहवालानंही बोट हॅचकडेच दाखवलं, झाकणं नीट बंद नव्हती म्हणून पाणी शिरलं असं. म्हणजे ती झाकणं बंद करणं ज्यांचं काम होतं त्यांच्यावर आलं. ते तर बोलायला नाहीत. त्यांच्या घरी कुणाची आई, कुणाची मुलगी, आणि रेडिओवर ते गाणं. कारणाबद्दल आजही एकमत नाही. २०१० मध्ये एका माहितीपटानं वेगळं कारण मांडलं आणि तेव्हापासून लाइटफूटनं कार्यक्रमांत ती ओळच बदलली. सात वाजता अंधार झाला, एवढंच. चौतीस वर्षं लोकांच्या तोंडी बसलेली ओळ! ऐकायला आलेले लोक जुनीच ओळ मनात म्हणत असणार, आणि हा वयाच्या सत्तरीत, बारीक झालेल्या आवाजात नवी गातोय. जुनं रेकॉर्डिंग तसंच राहिलं, ते काही मागे घेता येत नाही. पण स्वतःच्या तोंडून त्यानं तो ठपका पुन्हा ठेवला नाही.

सगळंच मात्र बदललं नाही. गाण्यात जहाज क्लीव्हलंडला निघालंय, खरं तर ते डेट्रॉइटजवळच्या झग आयलंडला चाललं होतं. जहाजावरचा आचारी गाण्यात जे बोलतो ते कुणीच ऐकलेलं नाही, ते कवीनं त्याच्या तोंडी घातलंय. तेवढी मुभा मला मान्य आहे. बंदर चुकल्यानं कुणाच्या घरातलं माणूस दोषी ठरत नाही.

माझा ‘सुटला’ मात्र त्या हॅचसारखा आहे. ‘सुटला’ म्हटलं की हात आला, हाताची पकड आली, ती ढिली झाल्याचं आलं. ‘तुटला’ म्हटलं की फक्त दोर. मात्रा तेवढ्याच, यमकही तेच, आणि मध्ये माझा अख्खा आजोबा. मला ‘सुटला’ आवडला होता कारण तो गाताना आवाज हलका सोडता येतो, ‘सु’वर श्वास निसटतो. आज दुपारी ‘तुटला’ गाऊन पाहिलं. ‘तु’ला जीभ दातांवर आपटते, आवाज तिथेच कापला जातो. आधी कर्कश वाटलं. चौथ्या-पाचव्यांदा गाताना मी मूठ आवळून गात होते, माझ्या नकळत.

१ मे २०२३ ला लाइटफूट गेला. दुसऱ्या दिवशी त्या चर्चची घंटा तीस वेळा वाजली. २९ त्यांच्यासाठी, एक त्याच्यासाठी. हे मी आधीही वाचलं होतं, पण आज लिहिताना हात थांबला. त्या २९ जणांच्या पंगतीला त्याला बसवलं ते कुबट आणि हॅच दोन्ही त्यानं ऐकून घेतलं म्हणूनही असेल.

रेकॉर्डिस्टला फोन केला. गुरुवारी दोन तास मिळाले. सिंगल पुढच्या महिन्यात जाईल, जाऊ दे.

त्याआधी बुधवारी आत्याकडे. सातही कडवी एकेक ओळ थांबून वाचून दाखवायची. दुसऱ्या कडव्यात पहाट आहे, ती खरंच पहाट होती का ते विचारायचं. नावेत आणखी कोण होतं ते विचारायचं. आणि तो मुठीतला अर्धा दोर पुढे कुणी ठेवला का, तेही.