गिनी फाउल आदल्या संध्याकाळीच सांगत होत्या

जुलैचा दुसरा आठवडा. सकाळी साडेसहाला फोन आला, "मॅडम, गाईचं तोंड सुजलंय, लवकर या." नारायणगावच्या पुढे उसाच्या पट्ट्यातली ती वस्ती माझ्या माहितीची. दोन वर्षांपूर्वी घरात नाग निघाला, तेव्हापासून त्यांनी अकरा गिनी फाउल, म्हणजे कोंबडीसारखे ठिपकेदार पक्षी, पाळलेत. साप फिरकत नाही, असं कुणीतरी सांगितलेलं.

गाय दावणीला मान टाकून उभी होती. खालचा ओठ आणि गळा फुगलेला, ओठावर दोन टोचे, आणि दोन्हींतून पातळ रक्त ठिबकत होतं. ते थांबेना, म्हणून घोणसाची शंका आली. मुलाला लगेच मोटारसायकलवर सर्पविषाची लस आणायला पिटाळलं. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं रक्त घेऊन ती ओट्यावर ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नसतो. मग तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर गोळा जागचा हलत नाही, घोणसाचं विष भिनलं असेल तर रक्त पाण्यासारखं ओघळतं.

मी घड्याळ बघत बसले होते. घरातल्या मावशी शेजारी येऊन टेकल्या. म्हणाल्या, "काल दिवेलागणीला या मेल्या त्या गंजीपाशी नुसत्या कोकलत होत्या. कान किटले. मीच दगड मारून हाकलल्या." पहाटे गाय दावं तोडून त्याच गंजीला तोंड घालत होती.

एवढ्यात पुन्हा तोच कलकलाट सुरू झाला. गंजलेल्या रहाटासारखा आवाज, एकीनं सुरू केला की सगळ्या धरतात. अकराही जणी कडब्याच्या गंजीभोवती अर्धगोल करून, माना खाली घालून उभ्या होत्या. पुढे कुणी जात नव्हती, मागेही हटत नव्हती. पेंढ्यांखालून कुकरची वाफ सुटावी तसा लांबलचक फुत्कार आला. सगळ्यांना मागे घेतलं आणि सर्पमित्राला बोलावलं.

बाटली तिरकी केली. रक्त काठापर्यंत ओघळत आलं.

लस आली. भुकटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवताना बाटली जोरात हलवायची नाही, फेस होतो. हातात हळूहळू फिरवत राहायची. घाईच्या वेळी हेच सगळ्यात अवघड जातं. लसीची ॲलर्जी उठलीच तर म्हणून ॲड्रेनालिनची सिरिंज भरून जवळ ठेवली, सलाईन तुळईला टांगलं आणि मानेच्या शिरेतून लस सोडली. साडेआठ वाजले होते.

सर्पमित्रानं घोणस पिशवीत घेतली आणि गंज उपसली, तेव्हा खाली उंदरांची बिळंच बिळं. मला तिथेच उलगडा झाला. पक्ष्यांसाठी मका-बाजरी अंगणात फेकायची पद्धत, उरलेलं दाणं उंदरांना, आणि उंदरांमागे घोणस. ज्यांनी साप दाखवला, त्यांच्याच दाण्यानं तो आला होता.

हे पक्षी जरूर पाळा, मी कुणाला अडवणार नाही. दिवसा त्यांच्याइतका चांगला राखणदार नाही, पण राखणदार ओरडला की उठून बघावं लागतं. आणि अंधार पडला की ते झाडावर चढून गप्प होतात. मण्यार नेमका रात्री फिरतो. झोपलेल्या माणसाला चावतो, सूज नाही, दुखणं फारसं नाही, सकाळपर्यंत पापण्या जड होऊन श्वास अडकतो. या घरात नातवंडं पडवीत जमिनीवर झोपत होती. गाईपेक्षा मला त्याचंच जास्त भय वाटलं. मावशींना म्हटलं, दाणं झाकणाच्या डब्यात ठेवा, थाळीत टाका, खाऊन झालं की थाळी उचला. गंज गोठ्यापासून लांब, दगडांवर रचा. आणि पोरांना खाटेवर निजवा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून.

अडीच वाजता पुन्हा रक्त घेतलं. वीस मिनिटांनी बाटली तिरकी केली. गोळा तळाला तसाच चिकटलेला. मावशींनी ती बाटली हातात घेऊन तीन-चारदा कलती करून बघितली. सूज उतरायला पुढचे आठ दिवस गेले, पण गाय वाचली.

मी निघाले तेव्हा मुलगा माळ्यावरून जुनी खाट उतरवत होता. तिचा एक पाय मोडका होता, म्हणून वीट शोधत होता.