शिकलं कोण, मासे की मी?

शिकणं म्हणजे अनुभवातून वर्तनात आलेला, बऱ्यापैकी टिकणारा बदल. व्याख्या तोंडपाठ होती. आज, दिवा लागला की खाणं येणार हे टाकीतले मासे शिकतात का, हा प्रयोग आखायला बसले आणि घाम फुटला. आधी दिवा, ५ सेकंदांनी खाणं, सोपं वाटलेलं. पण आमचे मासे तर माझी सावली दिसली तरी वर धावतात! म्हणजे खाणं आडोशाने टाकायला हवं. शिवाय दुसरी टाकी हवीच: तिथेही दिवा आणि खाणं तेवढंच, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या वेळी. नाहीतर मासे शिकले की नुसते दिव्याने बिचकले, कसं कळणार? (कुत्र्यांवर असेच ‘आधी खूण, मग खाणं’ प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला १९०४चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, हेही आजच कळलं.) उद्यापासून सुरुवात. मधूनमधून नुसता दिवा लावून बघणार, खाणं नाही. मासे बहुतेक रुसतील.