तुम्ही विचारलंत म्हणून : सात, अकरा, वीस

लातूरहून फोन येतात. कुणाची धाकटी बहीण असते, कुणाची भाची, कधी कॉलेजातल्या आमच्या बाईंनी नंबर दिलेला असतो. प्रश्न ठरलेला : "ताई, अनोळखी गावात राहून, दिवसभर नोकरी करून एम.कॉम. कसं केलंस? तुझं रोजचं टाइमटेबल पाठव ना."

टाइमटेबल नव्हतं. पहाटे पाचला उठून दोन तास अभ्यास, रात्री एक तास उजळणी, असलं काही मी कधी केलं नाही आणि आमच्यासारख्या नोकरीत ते कुणाला जमेल असं मला वाटतही नाही. माझ्याकडे होत्या त्या तारखा.

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. या धंद्यात सोमवार-मंगळवारला अर्थ नसतो. सात तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, भरायचा, अकराला जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न, वीसला ३-बी, म्हणजे जीएसटीचा गोषवारा आणि भरणा. वर्षाचंही तसंच. मी शिकत होते तेव्हा ३१ जुलैला बिनऑडिटवाल्यांची, म्हणजे ज्यांचे हिशेब सीएकडून तपासून घ्यावे लागत नाहीत त्यांची, इन्कम टॅक्स रिटर्न, ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट, ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची रिटर्न, ३१ डिसेंबरला जीएसटीची वार्षिक रिटर्न. मुदत वाढली की पक्षकार, म्हणजे आमची गिऱ्हाइकं, खूश होतात आणि कागदं आणखी उशिरा आणतात. त्यामुळे वाढलेल्या मुदतीचा आम्हाला काडीचा फायदा नसतो.

आता याच्यावर विद्यापीठाचं वेळापत्रक ठेवून बघा. मी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून एम.कॉम. केलं. शनिवार-रविवारी संपर्क सत्रं, घरी लिहायचे स्वाध्याय, हिवाळी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे, उन्हाळी परीक्षा ऐन उन्हात. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या सेमिस्टरचा अभ्यास बरोबर रिटर्नच्या धुमाळीत येतो. दुसऱ्या-चौथ्याला मात्र जानेवारी-फेब्रुवारी मोकळे मिळतात. हे एकदा कागदावर दिसलं की बाकीचं आपोआप ठरतं. महिन्यातला माझा अभ्यासाचा काळ वीस तारखेनंतरचा. एक ते वीस पुस्तक उघडलं तर उत्तम, नाही उघडलं तर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. एकवीसपासून मात्र ऑफिसातनं सहाला उठायचं म्हणजे उठायचं. विषम सेमिस्टरचे अवघड दोन पेपर जूनमध्येच हातावेगळे करायचे, कारण जुलै लागला की आपण आपले राहत नाही.

हे मी सरांना मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. परीक्षा साधारण कधी असतात, रजा केव्हा लागेल, सगळं. सर म्हणाले, "मार्च सोडून कधीही माग की. मार्चला मला तापबी आलेला चालत नाही." नोकरी लागल्यावर हळूच सांगू, असं पुष्कळ जणी करतात. करू नका. साहेबाला शिक्षणाचं वावडं नसतं, आयत्या वेळच्या रजेचं असतं.

खोलीचं जरा सविस्तर सांगते, कारण लातूरच्या माणसाला हे सुचतच नाही. आपल्याकडे घर भाड्यानं घेताना पहिला प्रश्न असतो, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? सांगलीत पहिला प्रश्न असतो, पाणी घरात आलं होतं का? २००५ ला आलं होतं का, २०१९ ला आलं होतं का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. नदीच्या बाजूच्या सखल भागात खोली स्वस्त मिळते ती का, हे एजंट सांगत नाही, भिंत सांगते. रंगाखालची ओल बघायची, शेजारच्या दुकानदाराला विचारायचं. तो छातीपाशी हात नेऊन दाखवतो, हितवर.

मी थोडं जास्त भाडं देऊन विश्रामबागेत वरच्या मजल्यावरची खोली घेतली. सांगली आणि मिरज यांच्या मधला हा भाग. मिरजेकडे जाणारी बस दाराशी, ऑफिस चालत जाण्याजोगं. भाड्याचे जादा पैसे मी येण्याजाण्याच्या वेळेत वसूल केले, असा माझा हिशेब आहे. वाचनालयाजवळ किंवा क्लासजवळ खोली घ्या असं लोक सुचवतात, मला ते पटत नाही. नोकरी करणाऱ्यानं ऑफिसजवळच राहावं. पुस्तक पिशवीतून कुठंही नेता येतं, ऑफिस येत नाही.

घरमालकीण काकू जुलै उजाडला की रोज सकाळी जिन्याखालनं हाक मारायच्या, "आयर्विनला किती झालंय बघ गं मोबाइलवर." आमच्या गल्लीत पाणी कधी आलेलं नाही, तरी विचारायच्या. कारण धाकटी जाऊ नदीकाठी राहते. पातळी चढायला लागली की तिच्या घरातली कपाटातली भांडी, गाद्या, सगळं आमच्याकडे. अशा आठवड्यात अभ्यास होत नाही, आणि कुणी अपेक्षाही करू नये. मीही त्यांच्याबरोबर पोती उचलली आहेत. आपण लातूरची माणसं, नदीचं पाणी जास्त झालं म्हणून कुणी रडतं हे आधी डोक्यात शिरत नाही. २०१६ ला लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा मी अकरावीत होते. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे सांगलीत राहायला येण्याच्या किती आधीच मी कृष्णेचं पाणी प्यायले होते! काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तू आमचीच की." भाडं मात्र कमी केलं नाही.

आता नोकरीनं अभ्यासाला काय दिलं ते. हे कुणी विचारत नाही, पण माझ्या लेखी हेच मोठं. खेळतं भांडवल, म्हणजे वर्किंग कॅपिटल, या प्रकरणाची सूत्रं मी बी.कॉम.ला पाठ केली होती. कळली ती बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याची वही लिहिताना. माल येतो साधारण फेब्रुवारी ते मे. शेतकऱ्याचे पैसे तेव्हाच द्यावे लागतात. बेदाणा जातो कोल्ड स्टोरेजला आणि विकला जातो सणावाराच्या मागणीप्रमाणे, पार दिवाळीपर्यंत. मधल्या काळात बँकेचं व्याज चालू, स्टोरेजचं भाडं चालू. वहीत नफा दिसतो आणि माणूस पगार करायला हातउसने घेतो. हळदीचंही तेच. पूर्वी सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं, म्हणजे साठवणीचे खोल खड्डे, होती, त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच निकामी झाली. व्यापारी जुना असेल तर पेवाचा विषय काढून बघा, तासभर सोडत नाही. शिल्लक मालाचं मूल्यांकन कशावर करायचं, खरेदीच्या भावावर की बाजाराच्या, हा प्रश्न परीक्षेत आला तेव्हा मी पुस्तकातलं उदाहरण लिहिलंच नाही. दोन्हींतला कमी असेल तो धरायचा हा नियम, आणि तो का, हे मी बेदाण्याच्या पेट्या घालून लिहिलं. मार्क बरे पडले.

कोल्हापूरला विद्यापीठात कधी कागदपत्रांसाठी जावं लागतं. एसटी लवकर पोहोचवते, पण मी मिरजेहून पॅसेंजर धरायचे. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, थांबत थांबत जाते. खिडकीची जागा मिळाली तर एक अख्खं युनिट वाचून होतं. गाडीत रेंज धड नसते, ऑफिसचा फोन लागत नाही. याहून चांगली अभ्यासिका मला सांगलीत सापडली नाही.

डब्याचं थोडक्यात : लावा. स्वयंपाक करून पैसे वाचतात हे खरं, पण वीस तारखेच्या रात्री भडंगावर झोपण्यापेक्षा डबा बरा. इथल्या कांदा-लसूण मसाल्याला पोट पंधरवड्यात सरावतं. काळ्या मसाल्याची पुडी घरून आणाच.

आणि एकटं वाटत नाही का, हेही विचारता. वाटतं. मैत्रिणी ऑफिसात होतात, पण त्यांचं घर इथंच असतं, सहा वाजले की त्या जातात. मला या गावाची सवय लागली ती नाटकामुळे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच केलं, त्याचा सांगलीकरांना अजून अभिमान आहे आणि तो ते तुम्हाला विसरू देत नाहीत. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी भावे नाट्यमंदिरात होते, तिकीट अगदी किरकोळ. ऑडिटची रिटर्न आटोपली की डोकं इतकं बधिर झालेलं असतं की पुस्तक समोर धरून उपयोग नसतो. मग मी नाटकाला जाऊन बसायचे. हौशी नाटकं, काही फारच वाईट. पण मध्यंतरात शेजारची बाई आपणहून विचारते, "कसं वाटतंय ओ तुम्हाला?" आणि आपल्याला मत असतं. त्या गर्दीतले दोन-तीन चेहरे पुढे बाजारात ओळख देऊ लागले. अभ्यासाचे तास कमी झाले, हे मान्य. पण तेवढेच तास खोलीत बसले असते तर मी लातूरची गाडी धरली असती.

शेवटी एक कागदाचं, कारण यात हमखास अडकायला होतं. लातूरचं कॉलेज म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. तिथून शिवाजी विद्यापीठात येताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते लातूर सोडायच्या आधीच काढा. इथं आल्यावर सुट्टी टाकून नांदेडला जायचं म्हणजे रजाही गेली आणि पैसेही. गुणपत्रकांच्या प्रती, टीसी, सगळं एका फायलीत. उदगीरहून परवा जिनं फोन केला होता तिच्यासाठी : काकूंची खालची खोली जूनमध्ये रिकामी होतेय. न्हाणीघर वेगळं आहे, दुचाकी लावायला जागा आहे, भाडं फोनवर सांगते. पण ठरवायचं असेल तर वीस तारखेनंतर फोन कर.