आमची वाटचाल : मातीची मूठ, पोलादाचं पातं

किल्टचं, म्हणजे स्कॉटिश पुरुष कमरेला नेसतात त्या चुणीदार वस्त्राचं, कापड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी विचारलं, "एका किल्टला किती लागतं?" शिवणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पुरा असेल तर आठ वार." मला आजीची नऊवारी आठवली. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिक शिकलेली मी मागच्या शेडमध्ये विजेची छोटी भट्टी लावून चहाचे मग आणि वाट्या विकत होते.

त्या दुकानात काउंटरवर स्कीअन डू मांडले होते. मोज्यात खोचायचा छोटा सुरा. गेलिक भाषेत नावाचा अर्थ 'काळा सुरा'. जुन्या मुठी दलदलीत शतकानुशतकं मुरून काळ्या पडलेल्या ओकच्या असत, वर टोपलीच्या विणीसारखी कोरीव नक्षी. समोरच्या मुठी मात्र प्लास्टिकच्या, नक्षीच्या कडा बोथट. पोशाखासोबत भाड्याने द्यायला हेच परवडतं, असं ते म्हणाले. मला ते बघवलं नाही. हे काम मातीत होऊ शकतं, असं वाटलं आणि त्याच रात्री पहिला साचा केला.

पोर्सेलीन, म्हणजे पांढरी चिनी माती, १२६० अंशांवर भाजलं की आमची माती सुमारे १२ टक्के आटते. म्हणजे ८० मिलिमीटरची मूठ हवी तर ओली असताना जवळजवळ ९१ करायची. पातं बसवायचं भोकही तसंच आटतं, आणि भाजताना मूठ जरा जरी वाकली तरी ते लंबगोल होतं. झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, दिली तर नक्षीच्या खाचा भरून जातात, म्हणून काळा रंग मातीतच मिसळला आणि भाजल्यावर मूठ नुसती घासून गुळगुळीत केली.

पहिल्या ४० मुठी एका दुकानाने घेतल्या. उन्हाळ्याच्या लग्नसराईत ११ परत आल्या, सगळ्या उभ्या तडकलेल्या. दोष माझा होता. पोलाद तापल्यावर पोर्सेलीनच्या दुपटीने प्रसरण पावतं, आणि मी पात्याचं टोक भोकात घट्ट चिकटवलं होतं. आतून रेटा बसला की माती फुटणारच. ती दाब सोसते, ताण सोसत नाही. हे मी वर्गात शिकले होते, तरी मुठी तडकून परत आल्यावरच हाताला कळलं. आता भोक सैल ठेवतो, भोवती पातळ बुचाची नळी घालतो आणि मऊ राहणारा गोंद वापरतो. तेव्हापासून तशी तडकून एकही परत आली नाही.

यावरूनच आमचा नियम ठरला : जोर धातूने घ्यायचा, दिसायचं काम मातीने करायचं. किल्टची पिनही तशीच. काटा पोलादी, वर थिसल या काटेरी झुडपाच्या फुलाची चकती. किल्टचे दोन पदर समोर एकावर एक येतात; पिन फक्त वरच्या पदराला लावायची, हे आम्ही प्रत्येक डबीत लिहून देतो. दोन्ही पदर एकत्र टाचले तर चालताना कापड ओढलं जाऊन फाटतं.

मुठीच्या टोकाला केर्नगॉर्म डोंगरातला तपकिरी स्फटिक बसवायची रीत आहे. आम्ही तिथे लोहाच्या झिलईचा मधाळ मणी बसवतो, पण तो दगड म्हणून विकत नाही. या बाबतीत मी कडक आहे. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचा हा पोशाखच बंद केला होता. बंदी उठली १७८२ मध्ये. इतक्या जपून ठेवलेल्या वस्तूत आपण नवीन काही घालतो, तर ते काय आहे हे सरळ सांगावं.

पातं सिरॅमिकचं करा, अशी मागणी अधूनमधून येते. नाही करत. ते पोलादाचंच हवं.

आता आम्ही तिघं आहोत. सध्या जॅकेटच्या बटणांवर काम चाललंय. भोकाच्या कडेला धागा घासून तुटतो, म्हणून भाजण्याआधी प्रत्येक भोक ओल्या स्पंजच्या टोकाने आतून गोल करून घेतो. पहिली खेप भट्टीत आहे, शुक्रवारी उघडू.