सव्वा मीटर दोरा : आमची वाटचाल

आमच्या निगडीच्या ऑफिसात शिरताना पायाखाली पिवळ्या ऑइलपेंटने आखलेला एक चौकोन दिसतो. नवीन माणूस तो ओलांडून आत येतो, त्याला वाटतं वास्तुशांतीचं काही असावं. ती डिकी आहे. युरोपात 'कॉम्पॅक्ट' म्हणून जी गाडी भाड्याने देतात, तिची डिकी मी म्युनिकच्या पार्किंगमध्ये उकिडवा बसून टेपने मोजली होती. स्वतः गाडी चालवून युरोप फिरणाऱ्या कुटुंबांच्या सहली आम्ही आखून देतो. आमच्याकडे व्हिसाच्या आणि तिकिटाच्या आधी घरच्या बॅगा येतात आणि या चौकोनात लागतात. चौघांच्या चार मोठ्या बॅगा त्यात मावत नाहीत हे तोंडाने सांगून आजवर एकालाही पटलेलं नाही. दोन मोठ्या, दोन लहान, आणि कुकरची पिशवी पुढच्या सीटच्या पायाशी. नाही मावलं तर वरच्या वर्गातली गाडी घ्या, आणि तिथेच तुमचं बजेट फुटलं.

दहा वर्षं झाली म्हणून मुलगी मागे लागली, बाबा लिहा. लिहितो. पण गोडगोड लिहायला जमणार नाही, आधीच सांगतो.

मी मूळचा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला. कामासाठी जर्मनीला चार-पाच खेपा झाल्या होत्या, तिथल्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती मोडली होती. २०१५ साली आई म्हणाली, तू एकटाच बघून येतोस. ग्रुप टूरचे भाव काढले तर पाच माणसांचा आकडा ऐकून बायकोने फोनच माझ्या हातातून घेऊन ठेवला. मग मीच बसलो. भिंतीवर दहा लाखांत एक प्रमाणाचा मध्य युरोपचा नकाशा लावला. म्हणजे एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर. आईने गोधडीचा जाड दोरा दिला. म्युनिकला टाचणी, तिथून साल्झबर्ग, खाली स्लोव्हेनियातलं ब्लेड, लुब्लियाना, व्हेनिस, व्हेरोना, वर ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुक, परत म्युनिक. दोरा काढून मोजला तर सव्वा मीटर. साडेबाराशे किलोमीटर, चार देश, अकरा दिवस.

तो दोरा अजून आहे, आणि ती मोजपट्टीसुद्धा अजून तीच आहे. पोरंबाळं, म्हातारी माणसं सोबत असतील तर दहा-बारा दिवसांत सव्वा मीटरच्या पुढे जायचं नाही. पॅरिस-स्वित्झर्लंड-रोम एका दमात मागणारे रोज येतात. मी नकाशावर दोरा टाकतो, पावणेतीन मीटर भरतो, आणि त्यांच्याच हातात देतो.

गोल फिरून त्याच गावी यायचं, हे आमचं दुसरं सूत्र. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की 'वन-वे'चं शुल्क कधीकधी आख्ख्या भाड्याएवढं होतं. आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका. रात्रभर जागलेला माणूस, डावीकडचं स्टिअरिंग, उजवी बाजू धरायची आणि मागे आई 'हळू, हळू' करतेय. एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, शहरात जा, दोन दिवस म्युनिक पायी आणि ट्रॅमने बघा, तिसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या काउंटरवरून गाडी उचला. दोन दिवसांचं भाडं आणि पार्किंग दोन्ही वाचतं.

परत आल्यावर ऑफिसातल्यांनी कागद मागितले. मग त्यांच्या मेव्हण्यांनी. २०१६ला मी आणि माझा एक मित्र, आम्ही गाळा घेतला. व्हिसाची फाइल लावावी तर त्याने, हे आज भांडण असूनही म्हणेन. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल त्या देशाकडे. आमच्या फेरीत जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली अशी रात्रींची रस्सीखेच असते. तो एक रात्र इन्सब्रुकमधून काढून व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला टाकायचा आणि फाइल स्वच्छ इटलीची व्हायची. तीस हजार युरोचा विमा, मुक्कामांची बुकिंगं, पगाराच्या स्लिपा, सगळं टाचणी न लावता क्रमाने. मी रस्ता बघायचो, तो कागद. त्या कागदांची जी स्पायरल बांधलेली चोपडी व्हायची तिला आम्ही 'वही' म्हणायचो.

वहीत काय असतं, ते धंद्यातल्या माणसाला कळेल. ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं विन्येट, म्हणजे महामार्ग वापरायचा मुदतीचा पास, पण ते असूनही टाउअर्नच्या बोगद्याला वेगळा टोल. स्लोव्हेनियात शिरताना कारावांकेनचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, त्याचा निराळा टोल, आणि पलीकडे तोंड काढताच त्यांचं विन्येट हवं. ते डिसेंबर २०२१पासून ऑनलाइन झालं, काचेवर चिकटवायचं राहिलं नाही. इटलीत टोलनाक्यावर तिकीट ओढून घ्यायचं आणि पिवळ्या टेलिपासच्या, म्हणजे त्यांच्या फास्टॅगच्या, रांगेत चुकूनही शिरायचं नाही. ब्रेनरच्या ऑस्ट्रियाकडच्या ए-१३ महामार्गाला विन्येट चालतच नाही, तिथे सुटा टोल. व्हेनिसला राहायचं नाही, मेस्त्रेला राहायचं, गाडी तिथेच सोडायची आणि दहा मिनिटांची लोकल पकडून पुलावरून आत जायचं. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी भरायची. नाक्यावरच्या संडासाला लागणारी सुटी नाणी कुणाच्या खिशात, तेही.

ही शेवटची ओळ माझी नाही, चिपळूणच्या बाईंची.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. २०१७ला मुलगा, सून, दोन नातवंडं यांच्याबरोबर आल्या. मी तासभर इटलीतल्या डोलोमाइट्सच्या डोंगरांचं वर्णन केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असूदे. दर दोन तासांनी संडास कुठे आहे, ते लिहून द्या." मला हसू आलं होतं. आज प्रत्येक वहीत तो रकाना पहिला असतो. त्यांनीच एकदा तुपाची बरणी नेली आणि विमानतळावर ती ठेवून घेतली. दुधाचं, मांसाचं काही बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. परत आल्यावर बाईंनी तक्रार केली नाही, फक्त म्हणाल्या, "लिहा वहीत. तूप नाही. नारळ चालतो म्हणे." चालतो खरा. नारळाला वनस्पतींचं प्रमाणपत्र लागत नाही. युरोपला नारळ कोण नेणार, पण लिहिलंय.

फ्लॉरेन्सलाही एकदा माझीच चूक झाली. हॉटेल झेडटीएलच्या आत घेतलं, म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी असलेला भाग. गिऱ्हाईक दोन दिवसांत चार वेळा कॅमेऱ्याखालून गेलं. सहा महिन्यांनी चार दंड आले, वर गाडीवाल्यांचं प्रत्येकी कागदी शुल्क. मी भरले. भागीदार म्हणाला, आपण सही घेतली होती, आपली जबाबदारी नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

२०१८ आणि २०१९ बरी गेली.

आता २०२०. त्या उन्हाळ्याला आमची नऊ कुटुंबं होती, एप्रिल ते जून. तेव्हा आम्ही पूर्ण पैसे घ्यायचो आणि गाडी, मुक्काम सगळं आमच्या कार्डावर करायचो. भाव चांगला मिळावा म्हणून निम्म्याहून जास्त बुकिंगं 'नॉन-रिफंडेबल'. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इटली बंद झाली, लगेच ऑस्ट्रियाने ब्रेनरवर इटलीकडून येणारी वाट अडवली. मी भिंतीवरच्या नकाशासमोर उभा होतो, दोरा बरोबर तिथेच तुटल्यासारखा. १७ मार्चला युरोपने बाहेरच्यांना दार लावलं, २२ मार्चपासून आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. पहिला फोन २३ला सकाळी सात वाजता आला. "आमचे पैसे?"

आमच्याकडे गिऱ्हाइकांचे तेवीस लाख होते. त्यातले साडेचौदा लाख युरोपात अडकलेले. काही घरमालकांनी लगेच परत केले, काहींनी व्हाउचर दिलं, काहींनी मेलला उत्तरच दिलं नाही. एका गाडीवाल्याने वर्षभर मुदतीचं कूपन पाठवलं, वर 'काळजी घ्या' असं लिहून. भागीदार म्हणाला, अटी त्यांनी वाचल्या होत्या, आपण व्हाउचर पुढे सरकवू आणि गप्प बसू. कायद्याने त्याचं चुकत नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. पण ही माणसं मला भाजीबाजारात भेटतात. एकाच्या मुलीची दहावी झाली म्हणून ती सहल होती. मी त्याला कुठली अट दाखवू?

तीन महिने आम्ही रोज फोनवर भांडलो. जुलैत मी तळेगावची दोन गुंठे जागा विकली. घाईत विकली, तेव्हा भाव पडलेलाच होता. आज तिथे काय दर आहे ते मला कुणी सांगू नका. आठ कुटुंबांचे पैसे सप्टेंबरपर्यंत फेडले. नववी बाईंची. मी चेक घेऊन चिपळूणला गेलो, मास्क लावून, ई-पास काढून. बाईंनी ओटीवरच बसवलं, कोकम सरबत दिलं, चेक बघितला आणि परत माझ्या खिशात घातला. "आम्ही जाणार आहोत ना? मग राहू देत तुमच्याकडे." घाट चढताना मला दोनदा गाडी थांबवावी लागली. कारण लिहीत नाही.

ऑक्टोबरात भागीदार वेगळा झाला. हिशोब दोन पानांत झाला. लॅपटॉप मात्र त्याच्याकडे होता, 'उद्या आणतो' म्हणाला. तो उद्या अजून आलेला नाही. २०२२ला त्याने आमच्यापासून दोन चौकांवर पाटी लावली. काचेचं दार, कॉफीचं मशीन. माझ्या ऑफिसातली दोन मुलंही तिकडे गेली, पगार जास्त होता, त्यांना दोष नाही. लोक येऊन मला सांगायचे, तुमच्यासारखंच काम आहे हो त्यांचं. तुमच्यासारखंच!

मी धंदाच उलटा केला. आता पॅकेज विकत नाही. गाडी, मुक्काम, तिकीट सगळं गिऱ्हाइकाच्या कार्डावर, गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याला रद्द करायचं तर तो करेल. आम्ही फक्त वहीचे आणि डोकेफोडीचे पैसे घेतो. ऑक्टोबर २०२३ला सात लाखांवरच्या परदेशी पॅकेजवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच घ्यायचा कर, आला, तेव्हा पॅकेजवाल्यांची धांदल उडाली. दोन चौकांवरही उडाली असणार. मला वाईट वाटलं असं खोटं कशाला लिहू.

विषय निघालाच आहे तर नव्यांसाठी दोन-चार गोष्टी. क्रेडिट कार्ड जो गाडी चालवणार त्याच्याच नावाचं हवं, बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचा परवाना असं काउंटरवर चालत नाही, आणि डेबिट कार्डावर अनामत धरतीलच असं नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, हजार रुपये, वर्षभर चालतो, 'काही विचारत नाहीत' हे भावोजींचं ऐकू नका. ऑटोमॅटिक हवी तर सहा महिने आधी सांगा. मुलांची सीट इथून न्या, तिथे रोजाचं भाडं मोजाल तर त्यात नवी सीट येते, आणि इटलीत दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ती लागतेच. जून २०२४पासून व्हिसाची फी ऐंशीची नव्वद युरो झाली, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, सहाच्या आतल्यांना माफ. मुलगा डिसेंबरात सहाचा होणार असेल तर दिवाळीत जा. हे कुणी सांगत नाही.

बाई जून २०२२मध्ये सहलीला गेल्या, राहिलेल्या पैशांवर, आणि वरची रक्कम न विचारता पाठवून. परत आल्यावर वही माझ्यासमोर ठेवली. दर वेळी ठेवतात, लाल पेनाने तपासून. मेस्त्रेच्या पानावर स्टेशनजवळच्या पाववाल्यापुढे मी लिहिलं होतं, 'मंगळवारी बंद'. त्यावर लाल फुली होती. "मंगळवारीच घेतला मी पाव. उघडं होतं."

मी जुन्या डायऱ्या काढल्या. २०१५ला आम्ही त्या दुकानासमोर उपाशी उभे होतो तो दिवस मंगळवार होता खरा, पण तारीख होती २ जून. इटलीचा प्रजासत्ताक दिन. देशच बंद होता. मी आपलं 'मंगळवारी बंद' लिहिलं आणि सात वर्षं छापत राहिलो.

गेल्या मार्चमध्ये एक कुटुंब आलं, दोन्हीकडचे भाव घेऊन. त्यांच्या पिशवीत दुसऱ्या चौकातली वही होती, रंगीत, गुळगुळीत कागदावर. मी नको म्हणत असताना त्यांनीच पुढे केली. मी मेस्त्रेचं पान काढलं. पाववाला, स्टेशनजवळ. मंगळवारी बंद.

मी त्यांना काही बोललो नाही. म्हटलं, बॅगा आणल्या आहेत का? मग जरा त्या चौकोनात ठेवा.